कुलूपबंद अक्षरे

काळबादेवी-गिरगावच्या परिसरात १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हा अक्षर म्हणजे शिशाचा खिळा होता. खिळा एकदा विकत घेतला की तो छापखान्याच्या मालकीचा होई. ओतणारा कारखाना बंद पडला तरी 'क' हा 'क'च राही. छापखान्यांत संगणक आला आणि ही साधी शाश्वती नाहीशी झाली.

दादरच्या प्रकाशकांच्या ग्रंथांपासून लालबाग-परळच्या मंडळांच्या स्मरणिकांपर्यंत सारा मजकूर ज्या फाँटांत जुळविला जाई, त्यांपैकी बहुतेकांत इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर देवनागरी आकृती बसविलेली असे. यंत्राच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. फाँट काढून घेतला की उरे ती निरर्थक रोमन अक्षरांची रांग. कोणत्या क्रमांकावर कोणती आकृती, हे प्रत्येक कंपनी आपल्यापुरते ठरवी. वास्तविक भारतीय मानक ब्यूरोची 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ सालीच जाहीर झाली होती आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले होते. परंतु ग्राहक बांधून ठेवण्यात ज्यांचे हित, ते सार्वजनिक मानकाची वाट कशाला पाहतील?

याची किंमत कोणी मोजली? संगणकाची कार्यप्रणाली बदलली, जुना फाँट चालेनासा झाला, की पुनर्मुद्रणासाठी ग्रंथ पुन्हा टंकित करावा लागे, अथवा रूपांतर करून जोडाक्षर न् जोडाक्षर तपासावे लागे. हा भार पडला तो छोट्या प्रकाशकावर आणि पानामागे मजुरी घेणाऱ्या डीटीपी कामगारावर.

हा प्रश्न फाँटांपुरता नाही. कार्यप्रणालीतील ज्या सोयींची अधिकृत नोंदच नाही, त्यांवर बांधलेला कार्यक्रम मालकाच्या मर्जीवर उभा असतो. पुढच्या आवृत्तीत ती सोय काढली तर दाद मागण्यास जागा नसते. मायक्रोसॉफ्टला असे अंतर्गत तपशील खुले करावे लागले, ते अमेरिकेत २००२ च्या न्यायालयीन तडजोडीने आणि युरोपात २००४ च्या आयोगाच्या आदेशाने. बाजाराने आपण होऊन ते केले नाही.

मग मुक्त संगणकसंहिता हा उपाय आहे काय? आहे, परंतु फुकटचा नव्हे. मुंबईच्या 'एक टाइप' संस्थेचा 'मुक्ता' फाँट मुक्त परवान्याखाली कोणालाही वापरता येतो, तपासता येतो, सुधारता येतो. तथापि जी संहिता अद्याप घडते आहे, तीही उद्या बदलू शकते. २०१४ साली 'ओपनएसएसएल'मधील 'हार्टब्लीड' हा दोष उघडकीस आला, तेव्हा जगाचे कितीतरी व्यवहार ज्या संहितेवर विसंबून होते तिची देखभाल मूठभर माणसे करीत होती, हे सर्वांना कळले. नफा अनेकांचा, श्रम मोजक्यांचे! फरक एवढाच, आणि तो मोलाचा, की येथे बदल उघड्यावर होतो व दोष दुसऱ्यालाही दुरुस्त करता येतो.

केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त संहितेचे धोरण जाहीर केले. धोरणाच्या कागदाने देखभाल होत नाही. तिला वेतन लागते. म्हणून मागणी दुहेरी हवी. सार्वजनिक पैशाने घेतलेल्या प्रत्येक प्रणालीचे संकेत व नोंदी प्रसिद्ध असाव्यात, आणि शासन ज्या मुक्त संहितेवर विसंबते तिच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात नियमित तरतूद असावी. रस्ता सर्वांचा असेल तर त्याची डागडुजीही सर्वांच्याच खर्चाने व्हावयास हवी.