पडद्यावरील वीर आणि विनोद

शिमग्यांत दाभोळच्या खाडीच्या दोन्ही तीरांवरील गांवांतून खेळे निघाले, कीं संकासुराच्या कमरेचे घुंगूर ऐकून लहान मुलें आईच्या पदराआड दडतात. काळा वेष, उंच टोपी, पांढरी दाढी असें तें भयंकर ध्यान! पण नाचतांना तेंच असे कांहीं चाळे करतें, कीं घटकेपूर्वीं रडणारें मूल खुदकन् हंसतें. मारामारीचे नायक विनोद करूं लागले म्हणून नाक मुरडणाऱ्या मंडळींनीं, भय व हास्य एका सोंगांत नांदविण्याची युक्ति आमच्या कोंकणास जुनीच आहे, हें ध्यानांत घ्यावें.

चित्रपटांत या युक्तीचा मराठी धनी म्हणजे मास्टर भगवान, अर्थात् भगवान आबाजी पालव. गिरणीकामगाराचा हा मुलगा १९३८ पासून दहा-अकरा वर्षें हाणामारीचे स्वस्त बोलपट काढीत होता, आणि कामगारवर्ग ते आवडीनें पाहत होता. त्या काळीं पडद्यावरील तडाखा कधीं कधीं खराच बसे. १९४२ सालीं एका चित्रणाच्या वेळीं भगवान यांची थप्पड ललिता पवार यांना इतक्या जोरानें लागली, कीं चेहऱ्यास अर्धांगवायु होऊन डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेचीं कामें मागें पडलीं. पुढें खाष्ट सासूच्या भूमिकांत तोच डोळा प्रेक्षकांस धाक घालूं लागला.

त्याच भगवान यांनीं १९५१ च्या 'अलबेला'त सारें जग हंसविलें. ठेंगणी, स्थूल मूर्ति. हात किंचित् हलताहेत, पावलें जेमतेम सरकताहेत. मारामारींत मुरलेल्या माणसास अंगाचा तोल ठाऊक असतो, कोठें थांबावें हें कळतें. विनोदास दुसरें काय लागतें?

पुढें अमिताभ बच्चन यांनीं ही नाचण्याची ढब उचलली. 'जंजीर' (१९७३) व 'दीवार' (१९७५) मधील हा संतप्त तरुण १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त मार खाऊन, मद्यानें झिंगून आरशापुढें उभा राहतो आणि आपल्या जखमेवरची पट्टी आरशांतील प्रतिबिंबास चिकटवितो! येथें हंसें होतें तें वीराचें. कित्येक चित्रपटांत मात्र नायकाचें शौर्य दिसावें म्हणून कोणी तोतरा, कोणी लठ्ठ गडी मार खातो; तो विनोद आम्हांस मुळींच रुचत नाहीं. मुलांना चित्रपटास धाडतांना वडील मंडळी मारामारी किती, एवढेंच विचारतात. हंसें कोणाचें, हेंहि विचारावें.

मुलें घरीं येऊन ठोशांचीच नक्कल करतात, ही तक्रार खरी. पण आमच्या शेजारच्या चिरंजीवांनीं परवां आजोबांच्या दाढीच्या आरशाला मलमपट्टी केली, आणि आजोबांनीं ती दोन दिवस कोणास काढूं दिली नाहीं.