लाल डब्बा भंगार नव्हे



जुन्या एसटीच्या, म्हणजे लाल डब्याच्या, आठवणी काढणे म्हणजे भंगाराचे कौतुक, असे एका वाचकाने लिहिले आहे. त्यांच्या पत्रातला इतिहासही अपुरा आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, हे खरे. पण तेव्हा आमचे कंधार निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यात रेल्वेच्या रस्ते वाहतूक खात्याने १९३२ सालीच २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली होती. मराठवाड्याच्या बसची गोष्ट तिथून मोजायला हवी.

आमच्या गावाला रेल्वे नाही. लोह्यावरून नांदेड गाठायचे तर एसटीच. पूर्वी टपावर ज्वारीची पोती, आत माळेगावच्या जत्रेची गर्दी, वाहकाच्या हातात पत्र्याच्या पेटीतली रंगीत तिकिटे आणि चिमट्याची टिकटिक. दोरी ओढली की चालकाच्या डोक्याशी घंटी वाजायची. बाळंतपणाला माहेरी येणारी लेक याच गाडीतून उतरायची. याला मी भंगार म्हणणार नाही.

नव्या गाड्या जरूर याव्यात, म्हाताऱ्या माणसांना त्यांची गरज आहे. पण जुनी एखादी जपायलाही हवी. निजामकाळातली एक अल्बियन बस हैदराबादच्या बस भवनात जपून ठेवली आहे. तशीच एसटीच्या चिकलठाणा कार्यशाळेत बांधलेली अॅल्युमिनियमची एखादी लाल गाडी, घंटीच्या दोरीसकट, मराठवाड्यात कुठेतरी उभी करावी. कंधारचा किल्ला पाहायला येणाऱ्या पोरांना तीही दाखवता येईल.

– एक वाचक, कंधार