विंडोज १० थांबली. घरचा संगणक का थांबावा?

नवी मुंबई : मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल थांबवली. त्या दिवशी सारसोळे गावातले किंवा पाम बीच मार्गालगतच्या इमारतींतले संगणक बंद पडण्याचे काहीच कारण नव्हते. पडद्यावर नेहमीचेच चित्र उमटले, मुलांनी गृहपाठ केला, वडीलधाऱ्यांनी वीजबिल भरले. बदलले ते न दिसणारे. प्रणालीत यापुढे सापडणारी सुरक्षेची भगदाडे बुजविण्याची जबाबदारी कंपनीने सोडली होती. घरगुती ग्राहकांना जादा सुरक्षा सुधारणांसाठी जी सवलत देण्यात आली, तिची मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच होती.

विंडोज ११ बसवून प्रश्न सुटला असता. पण तिच्या अटी जुन्या यंत्रांना मानवत नाहीत. 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-चिप हवी, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. म्हणजे २०१५-१६ च्या सुमारास घेतलेला, अजून धडधाकट असलेला संगणक केवळ या अटीमुळे निकालात निघतो. आडवाटेने विंडोज ११ बसवता येते, मात्र अशा यंत्राला पुढील सुधारणा मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही.

अशा वेळी मध्यमवर्गीय घरात तीनच वाटा चर्चेला येतात. नवा संगणक घ्यायचा, आहे तेच जोखीम पत्करून चालवायचे, किंवा ओळखीच्या तंत्रज्ञाकडून 'काहीतरी टाकून' घ्यायचे. हे 'काहीतरी' बहुधा कुलूप तोडलेली प्रत असते आणि तिच्याबरोबर आणखी काय काय आत आले, हे त्या तंत्रज्ञालाही ठाऊक नसते. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, त्याच्या बाबतीत ही तिसरी वाट सर्वांत वाईट.

चौथी वाट लिनक्सची. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये सुरू केलेला हा गाभा आज अँड्रॉइड फोनपासून महासंगणकांपर्यंत सर्वत्र आहे. घरच्या टेबलावर मात्र तो अजूनही पाहुणाच.

शेजारी असूनही अनोळखी

नेरूळहून पनवेलकडे जाणाऱ्या लोकलने सीवूड्स आणि बेलापूर ही दोन स्थानके ओलांडून खारघरला उतरले की सी-डॅकचे केंद्र लागते. ही संस्था म्हणजे पूर्वाश्रमीची एनसीएसटी. २००३ मध्ये ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. लिनक्सवर देवनागरी नीट दिसावी यासाठी 'इंडिक्स' हा प्रकल्प याच एनसीएसटीने हाती घेतला होता. मुंबईच्या व्हीजेटीआयमधील प्रा. जितेंद्र शाह यांच्या पुढाकाराने 'इंडिकट्रान्स' गटाने 'गार्गी' हा देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिला. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने २००७ मध्ये 'बॉस' ही भारतीय भाषांना सामावणारी लिनक्स आणली. त्याच वर्षी कर्जत तालुक्यातील खैराट या आदिवासी वाडीवजा गावातील एकशिक्षकी शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग झाला; त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपवरही लिनक्सच होती.

इतके सारे हाकेच्या अंतरावर घडूनही नवी मुंबईच्या घरांत लिनक्स का शिरली नाही? ती अवघड होती, हे उत्तर अर्धेच खरे. एक तर संगणक विकत घेतानाच विंडोज आत असे, आणि नसली तर लॅमिंग्टन रोडच्या बाजारात तिची चोरटी सीडी नाममात्र पैशांत मिळे. फुकटातल्या चोरीपुढे फुकटच्या सचोटीला गिऱ्हाईक कुठून मिळणार? दुसरे कारण शिक्षणाचे. २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने महाराष्ट्रातील लक्षावधींना संगणक शिकवला, हे त्याचे श्रेय मोठेच. पण 'संगणक येतो' याचा अर्थ 'विंडोज आणि ऑफिस येते' असा रूढ झाला. केरळने उलट दिशा धरली आणि सरकारी शाळांतील संगणक शिक्षण मुक्त प्रणालीवर नेले. तिथल्या मुलाला लिनक्सचा पडदा परका वाटत नाही, तो याच कारणाने.

निवड कोणती?

लिनक्सची वितरणे शेकड्यांनी आहेत आणि नवख्याचा पहिला गोंधळ इथेच उडतो. प्रत्यक्षात घरगुती वापरासाठी तीन-चार नावांपलीकडे जाण्याची गरज नाही. २००४ पासूनची उबुंटू सर्वांत परिचित आहे. एके काळी तिच्या सीडी टपालाने जगभर विनामूल्य पाठवल्या जात; २०११ मध्ये ती प्रथा संपली. दर दोन वर्षांनी येणाऱ्या तिच्या दीर्घमुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे सुरक्षा सुधारणा मिळतात. डब्लिनची झोरिन दिसायला देखणी आहे. तिची अठरावी आवृत्ती विंडोज १० च्या निरोपाच्या दिवशीच प्रसिद्ध झाली, हा काही योगायोग नसावा.

तरीही विंडोजच्या सवयीच्या घरासाठी लिनक्स मिंट अधिक योग्य म्हणावी लागेल. उबुंटूच्याच पायावर २००६ पासून उभी असलेली ही प्रणाली खाली पट्टी, डावीकडे मेनू हीच मांडणी ठेवते. तिच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. किमान २ जीबी मेमरी पुरते असे निर्माते सांगतात, पण ४ जीबीखाली आजचे ब्राउझर जीव टाकतात. मेमरी जेमतेम ४ जीबी असेल तर मिंटची 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती घ्यावी. आणि यंत्रात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर प्रणालीपेक्षा आधी ती बदलून एसएसडी बसवावी. त्या एका खर्चाने जितका फरक पडतो, तितका कोणत्याही लिनक्सने पडत नाही.

'बॉस' का नाही, असा प्रश्न स्वाभाविक आहे. सरकारी कार्यालयांसाठी ती समजण्यासारखी. घरी मात्र अडचण आली की मदत करणारा समुदाय किती मोठा, याला महत्त्व असते.

बसवण्यापूर्वीचा तास

बसवण्याचे काम अर्ध्या-पाऊण तासाचे. खरी मेहनत त्याआधीची. छायाचित्रे, कागदपत्रे, पासवर्ड हे सारे बाहेरच्या डिस्कवर उतरवून, ती डिस्क दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. 'कॉपी झाले होते' या भरवशावर अनेकांचे लग्नाचे अल्बम गेले आहेत. बिटलॉकर सुरू असल्यास त्याची पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर लिहून ठेवावी.

मग अधिकृत संकेतस्थळावरून सुमारे ३ जीबीची फाइल उतरवायची. तिच्या अखंडतेचा 'शा-२५६' आकडा ताडून पाहण्याचा कंटाळा करू नये. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच संकेतस्थळावर हल्ला होऊन काही काळ दूषित फाइल लोकांच्या हाती पडली होती. रुफस किंवा एचर या साधनाने ती फाइल ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिहायची. संगणक सुरू होताना डेल, लेनोव्होवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९ दाबले की पेन ड्राइव्ह निवडता येतो.

इथून पुढे लिनक्सचा सर्वांत उपयोगी गुण कामी येतो. हार्ड डिस्कला हात न लावता ती पेन ड्राइव्हवरूनच चालते. या अवस्थेत वाय-फाय, आवाज, कॅमेरा आणि प्रिंटर तपासून घ्यावा. प्रिंटरबाबत विशेष सावधगिरी हवी. एचपीची बहुतेक यंत्रे विनासायास चालतात. पण घराघरांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर चांगलाच घाम काढतो. सारे जमले तरच 'इन्स्टॉल'वर क्लिक करावे. तिथे विंडोजशेजारी बसवणे आणि संपूर्ण डिस्क पुसणे असे दोन पर्याय येतात. पहिले काही महिने दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी ठेवणे शहाणपणाचे. मात्र देखभाल थांबलेल्या विंडोजवरून बँकेत शिरायचे नाही, एवढे पथ्य पाळावे.

कोणी या वाटेला जाऊ नये

ज्या घरात टॅलीवर हिशेब लिहिले जातात, कोरलड्रॉ किंवा फोटोशॉपवर पोट चालते, ऑटोकॅडवर आराखडे काढले जातात, तिथे लिनक्सचा आग्रह धरणे चुकीचे ठरेल. ही सॉफ्टवेअर लिनक्ससाठी निघतच नाहीत आणि त्यांना उसन्या अवसानावर चालवणे नवख्याचे काम नव्हे. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरणाऱ्यांनीही आपल्या टोकनाचा लिनक्स-चालक मिळतो का, हे आधी पाहावे. आणखी एक अडचण मुक्त स्रोताचे पुरस्कर्ते सहसा बोलत नाहीत : बिघाड झाल्यास हाकेला येणारा कोपऱ्यावरचा तंत्रज्ञ बहुधा 'हे काढून विंडोज टाकू या' एवढेच सांगतो. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पातील मराठी ध्वनिचित्र-धडे इथे उपयोगी पडतात, पण ते ऐकण्याची तयारी घरातल्या एकाने तरी दाखवायला हवी.

आणि मराठी?

या आघाडीवर चित्र आशादायक आहे, तितकेच फसवे. बसवतानाच 'मराठी' भाषा निवडता येते, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस मराठीत मिळतात, इन्स्क्रिप्ट कळफलक प्रणालीतच असतो आणि ज्यांना तो येत नाही त्यांच्यासाठी उच्चारानुसारी कळफलकही आहे. पण भाषांतर अर्धवट असल्याने मेनूत मराठी-इंग्रजीची खिचडी दिसते. सुरुवातीला पडदा इंग्रजीत आणि लेखन मराठीत ठेवणेच बरे. मराठीचे बारकावे मात्र सांभाळले गेले आहेत. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह 'जे' दाबले की 'ऱ' मिळतो, त्यामुळे सारसोळ्याच्या कोळ्यांचा 'दर्या' आणि सह्याद्रीच्या 'दऱ्या' यांत घोटाळा होत नाही. मुंबईच्या एक टाइपने मुक्तपणे दिलेला 'मुक्ता' हा फॉन्ट घातला की पडदाही प्रसन्न वाटतो.

खरा पेच जुन्या मजकुराचा आहे. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टंकलिखित केलेली कुळवृत्तांते, मंडळांच्या स्मरणिका, आजोबांचे लेख अजून अनेक संगणकांत पडून आहेत. त्यात देवनागरी अक्षरे नाहीत; रोमन चिन्हांवर देवनागरीचा मुखवटा चढवलेला आहे. लिनक्सवर तो फॉन्ट नसला की उरते ती निरर्थक चिन्हांची रांग. परिवर्तकाने हा मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, पण जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या ठिकठिकाणी सरकतात. एकेक पान मूळ छपाईशी ताडून वाचावे लागते. मूळ पान पडद्यावर बरोबर दिसण्यासाठी ते सॉफ्टवेअर, तो फॉन्ट आणि ती जुनी विंडोज तिन्ही जागेवर लागतात. म्हणून हे काम डिस्क पुसण्याच्या आधीच उरकावे लागते.