शकुंतलेचे रूळ आणि गाडीचा प्लग

‘तू कॉलेजात जातो ना, मग सांग, ही इलेक्ट्रिक गाडी विकत घ्यावी की लीजवर?’ कारंज्यात बऱ्याच घरांत हा प्रश्न आता पोरांकडे येतो. समृद्धीचा इंटरचेंज गावाजवळ आहे आणि 2025च्या ई-वाहन धोरणात त्या मार्गावर इलेक्ट्रिक कारला टोलमाफीची तरतूदही आहे. म्हणजे प्रश्न हौसेचा राहिलेला नाही, घरच्या पैशाचा आहे.

उत्तर देण्याआधी आपली शकुंतला आठवा. मूर्तिजापूर–कारंजा–यवतमाळ ही गाडी सरकारी रेल्वे चालवायची, पण रूळ ब्रिटिश कंपनीचे. स्वातंत्र्यानंतरही त्या कंपनीला मोबदला जात राहिला आणि रूळ मात्र खिळखिळे होत गेले. वर रुळांची रुंदी अडीच फूट. मूर्तिजापूरला मोठी लाईन समोर दिसायची, पण डबा तिच्यावर चढायचा नाही. कापसाचे गठ्ठे उतरवा, पुन्हा भरा. मालकी कोणाची आणि जोड जुळते का, हे दोन्ही प्रश्न आपल्या गावाने एकाच गाडीत पाहिलेत.

आधी मालकी. 2024मध्ये एमजी विंडसर आली तेव्हा बॅटरीसकट सुरुवातीची किंमत होती 13.50 लाख. बॅटरी भाड्याने घेतली तर 9.99 लाख आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये. फरक साडेतीन लाखांचा. भागाकार करा : एक लाख किलोमीटर झाले की तो फरक भाड्यातच फिटतो आणि त्यानंतरही मीटर चालूच. व्याज, विमा, किमान किलोमीटरची अट हे हिशेब वेगळे. वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्या घराला हे भाडं स्वस्त वाटेल. पण किमान किलोमीटरची अट असेल तर न फिरवलेल्या किलोमीटरचेही पैसे जातील. करारातली ती ओळ आधी शोधा.

पूर्ण गाडीच लीजवर घेतली तर विमा-देखभाल बहुतेक हप्त्यातच येते आणि बॅटरी जुनी झाल्याची चिंता आपली नसते. पुण्यातल्या पगारदाराला कंपनीमार्फत लीज घेतली की करातही फायदा होतो. इथे अडचण वेगळीच आहे. हप्ता दर महिन्याला जातो, सोयाबीनचे पैसे वर्षातून एकदा येतात. गाडी मुदतीआधी परत केली तर दंड. म्हणून शेतीवरच्या घराला आमचा कौल विकत घेण्याकडे. दहा वर्षांची गाडी पडून असली तरी आपली असते, अडीनडीला विकता येते.

आता प्लग. नव्या कारना जलद चार्जिंगसाठी सीसीएस-2 हाच पोर्ट असतो आणि महामार्गावरचे जलद चार्जरही बहुतेक त्याचेच. तिथे काळजी नाही. काळजी आहे ती शहरातल्या टॅक्सी ताफ्यातून निघून स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या गाड्यांची. ई-व्हेरिटो किंवा सुरुवातीच्या टिगोर ईव्हीला जुन्या ‘भारत डीसी’ पद्धतीचा पोर्ट होता, तोही 15 किलोवॅटचा. घरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर ती रात्रभर चार्ज होईल, कारंजा–वाशीम आरामात करेल. पण समृद्धीवर सीसीएस-2 चार्जरपुढे उभी राहिली की तिचं शकुंतलेसारखंच व्हायचं. किंमत विचारण्याआधी चार्जिंगचं झाकण उघडून फोटो मागवा. (आरसीवर हे लिहिलेलं नसतं.)

खरा गोंधळ मात्र आपल्यापैकी बहुतेकांच्या स्कूटरचा आहे. कंपनीगणिक वेगळा प्लग. 2023मध्ये भारतीय मानक ब्युरोने हलक्या वाहनांसाठी एथरने तयार केलेल्या जोडाला मान्यता दिली. तो एथर आणि हीरोच्या विडा स्कूटरना चालतो, पण सगळ्यांनी तोच वापरावा अशी सक्ती नाही. ती सक्ती व्हायला हवी, असं आम्ही स्पष्ट म्हणतो. मोबाईलला टाइप-सी आल्यावर हॉस्टेलात चार्जर मागत फिरणं थांबलं ना?

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. उद्या बसस्थानकाजवळ किंवा कॉलेजच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवायचं ठरलं, तर निविदा निघायच्या आत अर्ज द्या आणि विचारा : वायरीच्या टोकाला कोणता प्लग आहे, आणि आमच्यातल्या किती जणांच्या गाडीत तो बसतो?