ऑइल बदललं आणि चेंबरचे आटे गेले. चूक फक्त मेकॅनिकच्या हाताची असते का?

गाडीचं ऑइल बदलून होतं. दोन दिवसांनी पार्किंगच्या फरशीवर काळा डाग दिसतो. गॅरेजमध्ये गाडी वर घेतली की निदान एका वाक्यात येतं, "चेंबरचे आटे गेलेत." नट गोल गोल फिरतो, पण आवळला जात नाही. कोणी टेफलॉन टेप गुंडाळून वेळ मारून नेतं, कोणी अख्खं चेंबर बदलायला सांगतं. आधीचा मेकॅनिक म्हणतो, "माझ्याकडून गेली तेव्हा गाडी ठीक होती."

या भांडणात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो नट किती आवळायचा, हे मेकॅनिकला कोणी सांगितलं होतं का?

आटे जातात म्हणजे नेमकं काय होतं?

बोल्ट आवळताना तो स्प्रिंगसारखा अगदी थोडा ताणला जातो. हाच ताण दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. ताण कमी पडला तर इंजिनाच्या थरथरीने बोल्ट हळूहळू सुटतो. जास्त झाला तर जो भाग मऊ असेल तो आधी जातो.

आजच्या बहुतेक कारमध्ये इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. अनेक गाड्यांत ब्लॉक आणि चेंबर, म्हणजे तळाचं ऑइलचं भांडंही अ‍ॅल्युमिनियमचंच असतं. बोल्ट मात्र पोलादी. त्यामुळे बोल्ट धडधाकट राहतो आणि भोकातले आटे कापले जातात. शिवाय सगळ्या आट्यांवर भार सारखा नसतो. सुरुवातीचे तीन-चार आटेच बहुतेक भार उचलतात. ते गेले की मागच्यांवर पाळी येते.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे बोल्ट तिरका लागणं. पहिले दोन-तीन फेरे हाताने न देता थेट इम्पॅक्ट गन लावली, तर बोल्ट जुन्या आट्यांवरच नवी वाट कापत जातो.

घट्ट म्हणजे किती घट्ट?

आवळण्याच्या या जोराला टॉर्क म्हणतात आणि तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. अनेक छोट्या कारमध्ये चेंबरच्या नटाचा आकडा ३० ते ४० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो.

समजा तो ३५ आहे. पाना २५ सेंटिमीटर लांब असेल, तर त्याच्या टोकाला साधारण १४ किलोचा जोर पुरतो. घरगुती सिलिंडरमधल्या गॅसचं वजन साधारण एवढंच असतं. आता पान्यात पाइप घालून लांबी एक मीटर केली आणि जोर तेवढाच लावला, तर टॉर्क थेट १४० होतो. म्हणजे हवा होता त्याच्या चौपट, आणि हाताला मात्र काहीच फरक जाणवत नाही.

आणखी एक अडचण आहे. आवळताना लावलेल्या ताकदीपैकी साधारण ९० टक्के घर्षणातच जाते, बोल्ट ताणायला जेमतेम १० टक्के उरते. आट्यांना ऑइल लागलेलं असेल तर घर्षण कमी होतं आणि त्याच जोरात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. म्हणून 'हाताला कळतं' हा अनुभव खरा असला, तरी त्याला मर्यादा आहे.

ही चूक फक्त छोट्या गॅरेजमध्येच होते का?

नाही. जून २०२२ मध्ये टोयोटाने आपल्या नव्या इलेक्ट्रिक कारच्या सुमारे २,७०० गाड्या परत बोलावल्या. चाकाचे हब बोल्ट सैल होऊन चाक निखळण्याचा धोका होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या रिव्हियन कंपनीने सुमारे १३ हजार गाड्या परत घेतल्या. पुढच्या चाकाजवळचा एक बोल्ट पुरेसा आवळलेला नसावा, अशी शंका होती. हे बोल्ट इंजिनाचे नव्हते, पण चूक त्याच जातीची. फरक इतकाच की कंपनीकडे आकडा, मोजायचं साधन आणि नोंदी असतात, त्यामुळे चूक शोधता येते.

गेलेले आटे परत येतात का?

बहुतेक वेळा येतात. खराब भोक थोडं मोठं करून त्यात नवे आटे पाडतात, गॅरेजच्या भाषेत 'टॅप मारतात'. मग त्यात हेलिकॉइल, म्हणजे पोलादी तारेचं स्प्रिंगसारखं वेटोळं बसवतात. त्याच्या आतल्या बाजूला मूळ मापाचा बोल्ट लागतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये ही जोडणी नीट झाली तर बऱ्याचदा मूळ आट्यांपेक्षाही मजबूत ठरते. जिथे बोल्ट वारंवार काढावा लागतो किंवा भार जास्त असतो, तिथे तारेऐवजी भरीव बुश बसवतात.

यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. भोक सरळच पडलं पाहिजे आणि धातूचा कीस इंजिनात जाता कामा नये. स्पार्क प्लगच्या भोकात हा धोका सगळ्यात जास्त, कारण खाली थेट सिलिंडर असतो. टेप किंवा डिंकासारखा लेप गळती काही काळ थांबवेल, पण ताण धरून ठेवणार नाही.

मग आकडा कोणाकडे असतो?

तो कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. इथे प्रश्न मेकॅनिकच्या हातातून निघून बाजाराकडे जातो.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तपासणीची साधनं आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना मिळू दिली जात नाही, हा ठपका होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असंही आयोगाने सांगितलं. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या या आदेशाविरोधात अपिलात गेल्या.

पुढे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये त्याचं पोर्टल सुरू झालं. त्यासाठी निवडलेल्या चार क्षेत्रांत वाहनंही होती.

पण माहिती खुली झाली म्हणून काम आपोआप सुधारत नाही. टॉर्क पाना विकत घ्यावा लागतो, तो वेळोवेळी तपासून घ्यावा लागतो आणि प्रत्येक नटाला दोन मिनिटं जास्त द्यावी लागतात. दर मात्र 'ऑइल बदलायचे किती?' यावरच ठरतो. स्वस्त आणि झटपट काम ग्राहकालाच हवं असतं, त्यामुळे चुकीतला थोडा वाटा त्याच्याकडेही जातो.

गाडी सोडताना काय विचारावं?

चेंबरच्या नटाचा वॉशर नवा टाकणार का? नट टॉर्क पान्याने आवळणार का? आकडा किती? काही गाड्यांच्या ओनर्स मॅन्युअलमध्ये तो छापलेला असतो. त्या पानाचा फोटो काढून मेकॅनिकला दाखवता येतो. आणि आटे गेलेच असतील, तर अख्खं चेंबर बदलण्याआधी हेलिकॉइल बसेल का, हे विचारायला पैसे पडत नाहीत.