तांबेंना शहीद म्हणू नका

१६ डिसेंबरला नांदेड-लातुरात ज्याच्या त्याच्या स्टेटसवर विजय दिवस असतो. ठेवा खुशाल. पण त्या 'शहिदांना नमन'मध्ये फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबेंना ढकलू नका. ५ डिसेंबर १९७१ला सुखोई-७ घेऊन शोरकोटच्या हवाई तळावर हल्ला करायला गेले, ते परतले नाहीत. पकडलेल्या वैमानिकांत त्यांचं नाव पाकिस्तानी पेपरात छापून आलं. स्पेलिंग तेवढं चुकलेलं. आपण ९३,००० युद्धकैदी सोडले, तांबे आले नाहीत. पत्नी दमयंती, राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, वर्षानुवर्षं विचारत राहिल्या : कुठे आहेत? शहीद म्हटलं की सरकार उत्तरातून सुटतं. 'बेपत्ता' लिहा. आपल्याकडे पहाटे भरतीसाठी धावणाऱ्या पोरांच्या आयांना विचारा, या दोन शब्दांत फरक काय.