पेटी उचलणाऱ्याचाही विचार व्हावा

वाद्य विकत घेताना आपण त्याचा आवाज पाहतो, किंमत पाहतो. वजन मात्र पाहत नाही. वास्तविक वाद्याचा प्रसार त्याच्या वजनावरही अवलंबून असतो. पायपेटीपेक्षा हातपेटी खेडोपाडी पोहोचली, ती काखोटीला मारून नेता येते म्हणून. कार्तिक पौर्णिमेला कपिलधारच्या वाटेवर ज्या दिंड्या दिसतात, त्यांत टाळ आणि मृदंग असतात. गळ्यात अडकवून मैलोगणती चालता येईल, अशीच वाद्ये त्या वाटेवर टिकली. विजेवर चालणाऱ्या वाद्यांनाही हाच न्याय लावला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा विषय निघण्याचे कारण असे. आमच्या महाविद्यालयाच्या वाद्यवृंदासाठी बेस गिटारची स्पीकर-पेटी घ्यावी, असे स्नेहसंमेलनाच्या बैठकीत ठरत आहे. (पेटी म्हणजे येथे हार्मोनियम नव्हे, स्पीकर बसवलेली लाकडी पेटी.) बहुतेकांचा कल दोन १५ इंची स्पीकर एकत्र बसवलेल्या एकाच अवाढव्य पेटीकडे आहे. ‘पेटी भारी तर आवाज भारी’ हा त्यांचा युक्तिवाद. वाद्यवृंदात बेस गिटार मी वाजवते आणि मी राहते मांजरसुंब्याला. धुळे-सोलापूर महामार्ग आणि पाटोद्याहून केजकडे जाणारा रस्ता आमच्या गावात एकमेकांना छेदतात, त्यामुळे वाहनांना तोटा नाही. पण वाहन मिळणे वेगळे आणि पेटी वाहनात चढणे वेगळे. एस.टी.त मला २०२३ पासून अर्धे तिकीट लागते. पेटीला ती सवलत नाही!

बेस गिटारचा जन्मच मुळी ओझे कमी करण्यासाठी झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पूर्वी खर्जाच्या सुरांसाठी माणसाएवढा उंच डबल बेस वापरीत. तो वाहून न्यायला अवघड, आणि ढोल-ताशांच्या गलक्यात ऐकूही येत नसे. अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९५१ साली गळ्यात अडकवता येणारी, पडदे असलेली विजेची बेस गिटार बाजारात आणली. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी ती वाजवली. गाणे ऐकताना ती वेगळी जाणवत नाही, पण काढून टाकली तर गाण्याखालची जमीन सरकल्यासारखी वाटते. गंमत अशी की, वाद्य हलके झाले आणि त्याचे ओझे पेटीवर गेले. १९६९ साली निघालेल्या ॲम्पेग कंपनीच्या प्रसिद्ध एसव्हीटी संचातील आठ स्पीकरांची पेटी ६० किलोंहून अधिक वजनाची होती. मोठमोठ्या मैदानांवर वाजवणाऱ्यांना ती शोभली. त्यांच्यामागे हमाल होते. आमच्यामागे कोण आहे?

आता शास्त्राकडे वळू. हॉफमन नावाच्या अभियंत्याने सांगितलेला एक नियम ध्वनिक्षेत्रात प्रसिद्ध आहे. पेटी लहान हवी, खर्ज खोल हवा आणि थोड्या विजेत मोठा आवाज हवा, या तीन गोष्टींपैकी दोनच एका वेळी मिळतात. म्हणजे निवड करणे भागच आहे. चार तारांच्या बेस गिटारचा सर्वांत खालचा सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो. परंतु आपला कान तो सूर ओळखतो तो बराचसा त्याच्या दुप्पट, म्हणजे ८२ कंपनांच्या उपस्वरावरून. म्हणून ४१ कंपने पूर्ण ताकदीने बाहेर फेकणारी प्रचंड पेटी नसली तरी सूर हरवत नाही. तिन्हींपैकी काही सोडायचेच असेल, तर अगदी तळाचा खर्ज थोडा सोडावा, हे उत्तम.

दुसरा गैरसमज वॉटचा. दुकानदार वॉट सांगतो आणि आपण मान डोलावतो. स्पीकरवर छापलेले वॉट म्हणजे तो किती वीज सोसू शकेल याचे माप. तो किती मोठ्याने वाजेल याचे नव्हे. त्यासाठी संवेदनक्षमतेचा आकडा पाहावा लागतो : एक वॉट दिला असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज येतो? तीन डेसिबल वाढवायचे तर वीज दुप्पट लागते. म्हणजे ९७ डेसिबलचा स्पीकर १०० वॉटमध्ये जे काम करील, त्यासाठी ९४ डेसिबलच्या स्पीकरला २०० वॉट लागतील. हा आकडा विचारायला पैसे पडत नाहीत, पण तो विचारला तर पैसे वाचतात.

तिसरा गैरसमज इंचांचा. १५ इंची म्हणजे खर्ज आणि १० इंची म्हणजे नुसता वरचा आवाज, असे सरसकट नसते. शंकू किती हवा ढकलतो हे त्याच्या क्षेत्रफळावर आणि पुढेमागे हलण्याच्या अंतरावर ठरते. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. १५ चा वर्ग २२५. १२ चा वर्ग १४४, आणि दोन १२ इंचींचे मिळून २८८. म्हणजे दोन १२ इंची स्पीकर एका १५ इंचीपेक्षा भारीच पडतात.

आता वजन नेमके येते कोठून ते पाहू. एक वाटा लोहचुंबकाचा. १९८० नंतरच्या दशकात निओडिमियमचे चुंबक आले आणि तेवढ्याच जोराचा स्पीकर पुष्कळ हलका झाला; पण तो महाग असतो, आणि आमच्या निधीला झेपणार नाही. दुसरा वाटा लाकडाचा, आणि तेथे सुधारणा आपल्या हाती आहे. ६० सेंटिमीटर उंच, ४५ रुंद आणि ४५ खोल अशी पेटी १८ मिलिमीटरच्या एमडीएफमध्ये केली, तर नुसते लाकूडच सुमारे २० किलो भरते. तीच १२ मिलिमीटरच्या चांगल्या प्लायवूडमध्ये केली तर साधारण ११ किलो. पातळ फळी थरथरू नये म्हणून आतून आडव्या-उभ्या पट्ट्या ठोकल्या, तरी किलो-दीड किलोच वाढते. शिवाय एमडीएफला पाणी लागले की ते फुगते. उघड्या टेंपोतून पावसात प्रवास करणाऱ्या पेटीला ते कसे चालेल? हे काम गावचा सुतार करू शकतो. मापे मात्र त्या स्पीकरसोबतच्या माहितीपत्रकावरून घ्यावीत, आणि सांध्यांतून हवा गळणार नाही याकडे लक्ष द्यावे.

तेव्हा माझी सूचना अशी : एका अवाढव्य पेटीऐवजी साध्या चुंबकाच्या १२ इंची स्पीकरच्या, आठ ओहमच्या दोन सारख्या पेट्या कराव्यात. यंदा एक करावी, पुढील वर्षी दुसरी. वर्गातील तालमीला एक पुरे, रंगमंचावर दोन. दोन्ही समांतर जोडल्या की एकूण रोध चार ओहम होतो. आपला ॲम्प्लिफायर चार ओहमवर चालतो ना, एवढे त्याच्या पाठीवर पाहून घ्यावे. शिवाय एक स्पीकर जळाला तरी कार्यक्रम बंद पडत नाही.

यावर आक्षेप येईल की, उघड्या मैदानावर एवढ्याने काय होणार? आक्षेप खरा आहे. मोकळ्या हवेत खर्ज विरून जातो, आणि तेथे मोठ्या पेट्यांना पर्याय नाही. पण त्या मंडपवाल्याकडे असतातच. ॲम्प्लिफायरच्या लाइन आउटपुटमधून एक तार त्याच्या मिक्सरला दिली की मैदानाचे काम त्याच्याकडे गेले. आपल्या पेटीने वाजवणाऱ्यांना एकमेकांचे सूर ऐकवावेत, एवढेच तिचे काम. मिरवणुकांतल्या स्पीकरांच्या भिंतींशी तिची तुलना नको. त्या भिंतींपुढे गाण्याचे शब्द कळत नाहीत, केवळ छाती धडधडते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल ठरवली, तिची आठवण तेथे कोण ठेवतो?

प्रश्न केवळ लाकडाचा आणि लोखंडाचा नाही. जी पेटी चार धट्ट्याकट्ट्या मुलांशिवाय हलत नाही, ती वाजवायची की नाही हे ती चार मुले ठरवतात. त्यांची परीक्षा असली, शेतावर सोयाबीनची काढणी असली, की बेस गिटार भिंतीला टेकून राहते आणि ‘कीबोर्डवर डाव्या हाताने भागवून घेऊ’ असा तोडगा निघतो. हलकी पेटी मुलगीही एकटी उचलील, बारीक अंगाचा मुलगाही उचलील. कोण उचलू शकतो यावर कोण वाजवू शकतो हे ठरत असेल, तर हलकी पेटी ही चैन नव्हे. तो समान संधीचा प्रश्न आहे.

म्हणून समितीतील बंधुभगिनींना माझी विनंती आहे. दुकानात गेल्यावर पेटी वाजवून अवश्य पाहा, पण त्याआधी ती उचलून पाहा. उचलून जिना चढा, उतरा. मगच किमतीचे बोला.